बेवारस पॅकेजांविषयीचे काही गैरसमज

संगमनेर, लोणी, कोपरगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारी अहिल्यानगर जिल्ह्यातील मुले आज लिनक्सवर लीलया काम करतात, आणि एक आज्ञा देताच हवे ते सॉफ्टवेअर संगणकावर उतरते हे त्यांच्या इतके अंगवळणी पडले आहे की, ज्या सार्वजनिक भांडारातून ते येते त्याची राखण कोण करतो आणि राखणाराच निघून गेला तर पुढे काय होते, हा प्रश्न सहसा मनात उद्भवत नाही. उद्भवलाच तर त्याचे उत्तर ऐकीव समजुतींवर भागवले जाते. त्यांतील काही समजुती निरुपद्रवी आहेत, काही निश्चितच घातक. विवेचनासाठी डेबियन या लिनक्स-वितरणाचे भांडार घेऊ. 16 ऑगस्ट 1993 रोजी इयन मर्डॉक यांनी या प्रकल्पाची घोषणा केली, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या तेराव्या आवृत्तीत सुमारे 70 हजार पॅकेजे आहेत.

एवढ्या पसाऱ्यामागे कोणा कंपनीचा पगारी नोकरवर्ग असणार आणि पॅकेज मागे पडले म्हणजे कोणी तरी कामचुकारपणा केला, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः हे काम मुख्यत्वे स्वयंसेवकांचे आहे, आणि प्रकल्पाच्या घटनेतच नमूद आहे की ती कोणावरही काम करण्याचे बंधन घालीत नाही. नोकरी बदलते, आजारपण येते, संसार वाढतो. म्हणून जबाबदारीतून सन्मानाने मोकळे होण्याची वाट मुद्दाम ठेवलेली आहे. मेंटेनरने, म्हणजे पॅकेजाची राखण करणाऱ्याने, मदत मागावी, पॅकेज दुसऱ्याकडे सोपवण्याची इच्छा कळवावी, किंवा ते बेवारस म्हणून जाहीर करावे. तिन्हींची नोंद सर्वांसमक्ष होते. जो काहीच न कळवता दिसेनासा होतो त्याला एक स्वतंत्र पथक पत्रे पाठवते, आणि उत्तर न आल्यास त्याची पॅकेजे बेवारस ठरवते. सोडून जाण्यात गैर काही नाही. न सांगता जाण्याने मात्र मागच्यांची अडचण होते.

बेवारस म्हणजे मृत, तेव्हा संगणकावरून तत्काळ काढून टाकावे, ही दुसरी समजूत. बेवारस ठरलेले पॅकेज गुणवत्ता-गटाच्या नावे चढते, आणि त्यात कोणताही अधिकृत सदस्य दुरुस्ती करू शकतो. शिवाय मूळ कार्यक्रमाचा कर्ता आणि भांडारातील त्याचा मेंटेनर या बहुधा भिन्न व्यक्ती असतात. दुसरा गेला म्हणून पहिल्याचे काम थांबत नाही. वर्षानुवर्षे हात न लागणे हेदेखील दुर्लक्षाचे लक्षण नव्हे. आपण ज्यावर मराठी वाचतो त्या लोहितसारख्या टंकाचे वळण एकदा नीट बसले की त्यात नित्य फेरबदल कशाला हवेत? खरी लक्षणे वेगळी: तक्रारी अनुत्तरित पडून राहणे, मूळ कर्त्याच्या नव्या आवृत्त्या भांडारात न येणे, नव्या कंपायलरवर पॅकेज न बांधले जाणे, आणि सर्वांत गंभीर म्हणजे सुरक्षेतील ज्ञात छिद्र तसेच उघडे राहणे.

तिसऱ्या समजुतीपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण उत्साही तरुणांना तीच भोवते. धनी जागेवर नाही तर मी ताबा घेतो, असे तेथे चालत नाही. गावी सातबारावर नाव चढायचे तर तलाठी गाव नमुना 6 मध्ये फेरफार टिपतो, हितसंबंधीयांना नोटीस जाते, हरकतीची मुदत सरते, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. डेबियनने 2018 साली घालून दिलेली पद्धत याच धर्तीची आहे. मेंटेनर नाममात्र आहे पण पॅकेजाची हेळसांड होत आहे असे दिसल्यास, दावेदाराने कारणांसह जाहीर सूचना द्यायची, 21 दिवस वाट पाहायची, आणि त्यानंतरही आपले काम आणखी 7 दिवस विलंबाच्या रांगेत ठेवायचे. या अवधीत मूळ मेंटेनरने हरकत घेतली की दावा थांबतो. हा विलंब अनेकांना जाचक वाटतो. माझ्या मते या व्यवस्थेतील सर्वांत शहाणपणाचा भाग तोच आहे.

घाईचे फळ काय असते, हे आर्च लिनक्सच्या सदस्य-भांडाराने 2018 च्या जुलैत अनुभवले. तेथे बेवारस पॅकेज कोणाही नोंदणीकृत सदस्यास लगोलग स्वीकारता येत असे. ॲक्रोबॅट रीडरचे असेच एक पॅकेज एका अनोळखी इसमाने घेतले, आणि त्यात परक्या ठिकाणाहून घातक आज्ञावली उतरवणारी ओळ घुसडली. सुदैवाने ती लवकरच उघडकीस आली. एक्सझेड या फाइली आक्रसणाऱ्या साधनाचे प्रकरण याहून भयंकर, आणि ते पॅकेज तर बेवारसही नव्हते. थकलेल्या एकट्या मेंटेनरवर दडपण वाढत गेले, जिया टॅन या नावाने वावरणाऱ्या मदतनिसाने दोन-अडीच वर्षे उपयुक्त काम करून विश्वास संपादला, आणि 2024 च्या फेब्रुवारीत निघालेल्या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जादा का लागतो, याचा पिच्छा पुरवून अँड्रेस फ्रॉइंड यांनी 29 मार्चला तो उघड केला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत तो पोचला नव्हता, चाचणीच्या शाखांत मात्र शिरला होता. नवा वारस मिळाला म्हणजे प्रश्न सुटला, या समजुतीला याहून कठोर उत्तर नाही.

भांडारातून काढलेले पॅकेज कायमचे नष्ट होते, हीदेखील भीती अनाठायी. तेराव्या आवृत्तीच्या वेळी 8,840 हून अधिक पॅकेजे कालबाह्य म्हणून वगळली गेली. परंतु 2005 पासूनच्या जुन्या आवृत्त्या वेगळ्या दप्तरखान्यात जतन केलेल्या आहेत, आणि योग्य माणूस मिळाल्यास पॅकेज रीतसर परत येऊ शकते.

ज्यांना हातभार लावायचा आहे त्यांनी आरंभीच ताबा मागू नये. ‘हाऊ-कॅन-आय-हेल्प’ नावाचे एक छोटे पॅकेज डेबियनमध्ये आहे. ते बसवले की दर वेळी सॉफ्टवेअर उतरवताना, आपल्याच संगणकावरील कोणती पॅकेजे बेवारस झाली आहेत, हे ते सांगते. त्यांतील आपण रोज वापरतो असे एक निवडावे, त्याच्यावरील जुन्या तक्रारी वाचाव्यात, दोष अद्याप घडतो की नाही हे स्वतः पडताळून तेथेच नोंदवावे, आणि जमल्यास दुरुस्ती पाठवावी. ती तपासून भांडारात चढवायला अधिकृत सदस्य असतात.