विद्युत्-विसर्जन आणि बायकार्बोनेटयुक्त पाणी

परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत् केंद्र २०१३ व २०१५ या दोन्ही वर्षी पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. ज्या प्रदेशात वीज निर्माण करण्यासही पाणी पुरत नाही, तेथे वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा योजणे किती निकडीचे आहे, हे वेगळे सांगावयास नको. या कामी सुचविला जाणारा एक उपाय म्हणजे विद्युत्-विसर्जन. दगडी कोळशावर चालणाऱ्या केंद्रांना विसर्जन अपरिचित नाही. धुरातील राख विद्युत्-भारित करून पत्र्यांवर ओढून घेतली जाते, ती उच्च दाबाच्या तारांभोवतीच्या कोरोना विसर्जनानेच.

पाण्यात अथवा पाण्याच्या पृष्ठालगत विसर्जन घडविले असता वेगवान इलेक्ट्रॉन जलरेणूंवर आदळून ते फोडतात व हायड्रॉक्सिल मूलके उत्पन्न होतात. त्यांचे ऑक्सिडीकरण विभव सुमारे २.८ व्होल्ट असते. ओझोनचे २.०७ व क्लोरिनचे १.३६ आहे. त्यामुळे रंगद्रव्ये, फिनॉले, औषधांचे अवशेष असे चिवट सेंद्रिय पदार्थही त्यांच्यापुढे टिकत नाहीत. मेथिलीन ब्ल्यूचे निळे द्रावण काही मिनिटांत वर्णहीन होते, आणि प्रेक्षक प्रसन्न होतात. वर्ण गेला म्हणजे कार्बन गेला असे मात्र नव्हे. त्यासाठी एकूण सेंद्रिय कार्बनच मोजला पाहिजे.

खरी अडचण पुढेच आहे. असे प्रयोग बहुधा ऊर्ध्वपातित जलात केले जातात. दख्खनच्या काळ्या खडकातील भूजल सामान्यतः बायकार्बोनेटयुक्त असते, आणि बायकार्बोनेट हा हायड्रॉक्सिल मूलकांचा भक्षक आहे. त्यातून निर्माण होणारे कार्बोनेट मूलक पुष्कळच दुर्बल असते. थोडे गणित करू. बायकार्बोनेटशी होणाऱ्या विक्रियेचा वेगांक सुमारे ८५ लाख, तर रंगद्रव्याशी सुमारे १,००० कोटी (लिटर प्रति मोल प्रति सेकंद) आहे. लिटरमागे ३०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिमोल, बायकार्बोनेट असलेल्या पाण्यात १० मिलिग्रॅम मेथिलीन ब्ल्यू घातल्यास, या दोघांचाच विचार करता, सुमारे ८८ टक्के मूलके रंगद्रव्याच्या वाट्याला येतात. रंगद्रव्य ०.१ मिलिग्रॅमवर आले की हाच वाटा जेमतेम ७ टक्के उरतो. म्हणजे प्रात्यक्षिक यशस्वी होते, पण जेथे या पद्धतीची खरी गरज, त्या अल्पांश प्रदूषकांच्या बाबतीत बहुतेक वीज बायकार्बोनेटवर खर्च होते.

यावर कोणी म्हणेल की, हवेतील विसर्जनाने नायट्रिक आम्ल तयार होऊन बायकार्बोनेट आपोआप नष्ट होईल. होईल खरे; परंतु ५ मिलिमोल बायकार्बोनेटास तितकेच आम्ल लागेल, आणि लिटरमागे ३१० मिलिग्रॅम नायट्रेट पाण्यात राहील. पेयजलासाठी भारतीय मानकाची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. तेव्हा पिण्याच्या पाण्यासाठी हा मार्ग बंदच समजावा. विसर्जनापूर्वीच बायकार्बोनेट काढून टाकणे, अथवा हवेऐवजी ऑक्सिजन वा आर्गॉन वापरणे, हे पर्याय उरतात. त्यांचा खर्च हिशेबात धरावा लागतो.

प्रयोगाचा निष्कर्ष देताना म्हणूनच एका घनमीटर पाण्यातील प्रदूषक दशांशावर आणण्यास किती किलोवॅट-तास लागले, हा आकडा द्यावा. १० मिलिग्रॅमवरून ०.१ वर येणे म्हणजे असे दोन टप्पे. दुसऱ्या टप्प्याचा आकडा स्वतंत्रपणे नोंदवावा, आणि तो जवळच्या विहिरीच्या पाण्यात काढलेला असावा.