पेटुनियाची घाई नको

मालवणात पाऊस ओसरला की पेरणीसाठी हात शिवशिवतात. पण ऑक्टोबरच्या उकाड्यात पेटुनियाची कोवळी रोपं माना टाकतात. दिवाळीनंतर, पहाटे दव पडायला लागलं की पेरा.

बी खसखशीहून बारीक. रुजायला उजेड लागतो, म्हणून वर माती अजिबात घालू नका. मी भोक पाडलेल्या करवंटीत गाळलेलं शेणखत आणि वाळू भरते. वाळू नदीची घ्या, किनाऱ्यावरची खारी असते. बी भुरभुरून फवाऱ्याने पाणी द्यायचं. झारीच्या धारेने सगळं एका कडेला वाहून जातं. साधारण 7 ते 10 दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढी हिरवी पानं दिसतात, काय सुंदर दिसतात ती! फुलं फेब्रुवारीत.

झेंडू, झिनिया मात्र दणकट. आठवड्याभरात वर येतात.