चाचे म्हणायचं कुणाला?

मुलुंडमध्ये जुन्या इमारती पडून टॉवर उभे राहिले, तशा हॉलच्या भिंतीही लांबरुंद झाल्या. देवांच्या तसबिरी देवघरात गेल्या आणि हॉलमध्ये जुने नकाशे, बंदरं, जहाजं दिसू लागली. त्यातलाच एक विषय म्हणजे चिनी चाचे. आडव्या पट्ट्यांच्या शिडांची ‘जंक’ जहाजं, उगारलेल्या तलवारी, तोफांचा धूर. चित्र ऑनलाइन मागवायचं आणि पाच रस्त्याजवळ फ्रेम करून घ्यायचं. चित्र देखणं असतंच. तरीही खिळा ठोकण्याआधी ते कसं छापलंय आणि त्यातल्या माणसांना चाचे कुणी ठरवलं, हे विचारायला हवं. इंग्रजांनी हाच शिक्का आपल्या आंग्र्यांवरही मारला होता.

भिंग लावून बघा

एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन सुईने चित्र कोरतात. मेण खरवडलं जातं तिथे आम्ल पत्रा खातं. त्या खाचांत शाई भरून ओल्या कागदावर पत्रा दाबला की चित्र उमटतं आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेची दबलेली चौकट राहते. ही चौकट बोटाला जाणवते.

‘विंटेज एचिंग’ म्हणून विकलं जाणारं चित्र पुष्कळदा १९व्या शतकातल्या सचित्र साप्ताहिकाचं पान असतं. १८४२ साली सुरू झालेलं ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ हे त्यातलं नावाजलेलं. अशी चित्रं लाकडी ठोकळ्यांवर कोरलेली असत. मोठ्या चित्रासाठी अनेक ठोकळे जोडत, म्हणून जोडाच्या जागी केसाएवढी पांढरी रेघ चित्रभर सरळ गेलेली सापडते. भिंगातून रेषांऐवजी बारीक ठिपके दिसले, तर ती अलीकडची नक्कल. तीही जरूर लावावी, पण दाम नकलेचाच द्यावा.

दर्यावरची परवाना-चिठ्ठी

चित्रांतले चाचे काल्पनिक नव्हते. १९व्या शतकाच्या सुरुवातीला ग्वांगदोंगच्या किनाऱ्यावर चाच्यांचे ताफे एकत्र आले. १८०७ मध्ये त्यांचा म्होरक्या झेंग यी वारला आणि सूत्रं त्याच्या बायकोकडे, झेंग यी साओकडे आली. मीठ नेणाऱ्या गलबतांनी, कोळ्यांनी पैसे भरून तिच्या ताफ्याची चिठ्ठी घ्यायची, मग त्यांना धक्का लागत नसे. १८०९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरचा अधिकारी रिचर्ड ग्लासपूल या ताफ्याच्या हाती लागला आणि खंडणी भरल्यावर सुटला. १८१० मध्ये सरकारशी बोलणी करून माफी मिळवून ती बाई शरण आली. तिला समोर बसवून काढलेलं एकही चित्र नाही. तलवार घेतलेल्या बाईचं जे चित्र सगळीकडे फिरतं, ते चित्रकाराच्या कल्पनेतलं आहे.

चिठ्ठी आपल्या किनाऱ्यावरही होती. पोर्तुगीज १६व्या शतकापासून ‘कार्ताझ’ देत. तो नसेल तर जहाज जप्त. कान्होजी आंग्रे दस्तक देत. दोघांचा व्यवहार एकाच जातीचा. पण कान्होजी मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते, स्वराज्याच्या किनाऱ्यावर अंमल बजावत होते. कंपनीने त्यांचं दस्तक मानलं नाही. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. १७२९ मध्ये कान्होजी वारले. पुढे १७३७ साली क्लेमंट डाउनिंगचं पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं, त्याच्या नावातच आंग्र्यांना चाचा म्हटलेलं आहे. १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, पुढच्या वर्षी विजयदुर्ग पडला. त्या लढाईत इंग्रजांसोबत खुद्द पेशव्यांचं सैन्यही होतं, हे दुखणं वेगळंच. विजयदुर्गाच्या पाडावाचं चित्र डॉमिनिक सेरेसने रंगवलं. जेम्सच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर बांधलेला ‘सेवर्नड्रूग’ मनोरा आजही उभा आहे. तिथे तो सुवर्णदुर्गाच्या विजयाचं स्मारक आहे. आणि मुंबईत नौदलाचा तळ ‘आयएनएस आंग्रे’ या नावाने ओळखला जातो.

चीनमधल्या त्या ताफ्यांनी किनाऱ्यावरची गावं लुटली, माणसं पळवली. त्यांना चाचे म्हणणं चूक नाही. पण प्रत्येक जंक चाच्यांची नसते. १८४१ मध्ये अफू युद्धात ‘नेमेसिस’ या आगबोटीने उडवलेल्या जंकांचं गाजलेलं चित्र चिनी सरकारच्या लढाऊ जहाजांचं आहे. म्हणून चित्राखालची ओळ वाचा, साल पाहा, छापणाऱ्याचं नाव शोधा.

लावताना बाहेरची भिंत टाळा. मुलुंडच्या पावसात ती ओल धरते आणि कागदावर तपकिरी डाग पडतात. काच कागदाला चिकटू नये म्हणून मध्ये आम्लविरहित माउंट घाला. फ्रेमच्या मागे चित्राचं साल, छापखाना आणि त्यातल्या माणसांची खरी ओळख लिहून ठेवा. घरातलं पोर ‘हे कोण?’ विचारेल, तेव्हा त्याला तोफा डागणाऱ्यांची आणि तोफेसमोर उभ्या असलेल्यांची, दोघांचीही बाजू सांगता आली पाहिजे.