पुराआधीचा नकाशा : आपत्तीतल्या खुल्या माहितीविषयी काही गैरसमज

१२ जानेवारी २०१० रोजी ७.० तीव्रतेच्या भूकंपानं हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त केली. देशोदेशीची मदतपथकं विमानतळावर उतरली, तेव्हा त्यांच्या हातात शहराचा धड नकाशा नव्हता. संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या मोहिमेचं मुख्यालयच पडलं होतं आणि त्या भूकंपात संयुक्त राष्ट्रांचे १०२ कर्मचारी गेले. माहिती ठेवणारी कार्यालयं आणि माहितगार माणसं, दोन्ही ढिगाऱ्याखाली.

अशा वेळी मदतीला आला तो 'ओपनस्ट्रीटमॅप'. कुणालाही भर घालता येईल आणि कुणालाही वापरता येईल असा हा जगाचा नकाशा २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाला होता. भूकंपानंतर उपग्रह कंपन्यांनी शहराची ताजी छायाचित्रं खुली केली. जगभरातल्या शेकडो स्वयंसेवकांनी त्यावरून रस्ते, गल्ल्या, पडलेल्या इमारती आणि नव्यानं उभ्या राहिलेल्या छावण्या रेखल्या. शोधपथकं तो नकाशा आपल्या जीपीएस यंत्रांत भरून शहरात फिरली.

ही हकीकत खूप गाजली आणि तिच्यामुळे एक चुकीची समजूतही पसरली : संकट आलं की लोक संगणकावर बसतील आणि लागेल ती माहिती उभी राहील. खुल्या माहितीविषयीचे इतर बरेच गैरसमज या एका समजुतीच्या आसपासच फिरतात.

गैरसमज १ : संकट आल्यावर माहिती जमवता येते.

वस्तुस्थिती : जमवता येते, पण ते तहान लागल्यावर विहीर खणणं असतं. हैतीत ती खणावी लागली. नेपाळमध्ये पाच वर्षांनी वेगळं घडलं, कारण तिथं काम आधी झालं होतं.

काठमांडू खोऱ्यात मोठा भूकंप होणार हे शास्त्रज्ञ कित्येक वर्षं सांगत होते. २०१२ मध्ये जागतिक बँकेच्या एका प्रकल्पात स्थानिक तरुणांनी खोऱ्यातल्या शाळा आणि दवाखाने ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदवायला घेतले. नुसती ठिकाणं नोंदवली नाहीत. इमारत किती मजली आहे, कशाची बांधलेली आहे, हेही टिपलं. भूकंपात काय टिकेल आणि काय पडेल, याचा अंदाज त्यावरूनच बांधता येतो. या कामातून २०१३ मध्ये 'काठमांडू लिव्हिंग लॅब्ज' ही संस्था उभी राहिली.

२५ एप्रिल २०१५ रोजी ७.८ तीव्रतेचा भूकंप आला आणि सुमारे नऊ हजार माणसं गेली. पण या वेळी नकाशाचा पाया तयार होता आणि तो वापरणारी, तपासणारी स्थानिक माणसं जागेवर होती. जगभरातून हजारो स्वयंसेवक मदतीला आले, तेव्हा कोणता भाग आधी रेखायचा हे त्यांना काठमांडूतून सांगितलं जात होतं. गावोगावच्या गरजा एका जागी नोंदवणारं संकेतस्थळही याच गटानं चालवलं.

हे धोरण म्हणून आता रुजू लागलं आहे. २०१४ मध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश रेड क्रॉस, 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' आणि 'ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम' यांनी मिळून 'मिसिंग मॅप्स' हा उपक्रम सुरू केला. संकटाची शक्यता आहे पण नकाशा नाही, अशा वस्त्या आधीच रेखून ठेवायच्या, हाच त्याचा हेतू.

गैरसमज २ : संकेतस्थळावर दिसली, म्हणजे माहिती खुली झाली.

वस्तुस्थिती : फुकट पाहता येणं वेगळं आणि खुलं असणं वेगळं. मोबाइलवरचा गूगल नकाशा आपण रोज फुकट पाहतो. पण त्यातले रस्ते उचलून, त्यावर पूररेषा चढवून, तो नवा नकाशा गावोगाव वाटायची मोकळीक आपल्याला नसते. ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना ती देतो. श्रेय द्या, आणि नकाशाच्या माहितीत सुधारणा करून ती इतरांना दिलीत तर तीही तशीच खुली ठेवा, एवढीच अट.

परवान्याइतकाच माहितीचा साचाही महत्त्वाचा. नदीची पातळी पीडीएफमध्ये किंवा छापील तक्त्याच्या फोटोत आली, तर माणूस ती वाचू शकतो, संगणकाला मात्र ती थेट वापरता येत नाही. शंभर ठिकाणचे आकडे दर तासाला कुणीतरी हातानं उतरवत बसणं पूर चढत असताना शक्य नसतं. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या मानवीय मदत समन्वय कार्यालयानं २०१४ मध्ये 'ह्युमॅनिटेरियन डेटा एक्सचेंज' हे व्यासपीठ उघडलं. लोकसंख्या, प्रशासकीय सीमा, विस्थापित, अन्नटंचाई अशा विषयांचे तक्ते तिथं एकत्र मिळतात. एका संस्थेचा 'जिल्हा' आणि दुसऱ्या संस्थेचा 'जिल्हा' एकच आहे ना, ही कटकट तिथं बरीचशी आधीच सोडवलेली असते.

गैरसमज ३ : उपग्रहाला सगळं दिसतं, आणि लगेच दिसतं.

वस्तुस्थिती : आपल्याकडचा महापूर येतो भर पावसाळ्यात, आणि साध्या छायाचित्रात तेव्हा दिसतात ते फक्त ढग. ढगांपलीकडचं पाहायला रडार लागतं. युरोपच्या 'सेंटिनेल-१' या रडार मालिकेतला पहिला उपग्रह एप्रिल २०१४ मध्ये गेला आणि त्याच्या प्रतिमा सर्वांना विनामूल्य मिळतात. रडारच्या लहरी ढगांतून आणि अंधारातूनही जमिनीपर्यंत पोचतात. संथ पाणी आरशासारखं वागतं आणि लहरी दुसरीकडे परतवतं, त्यामुळे प्रतिमेत पाणी काळं दिसतं. पुराआधीची आणि पुरातली प्रतिमा शेजारी ठेवली की बुडालेलं क्षेत्र बऱ्यापैकी कळतं.

पण शेतात जमतं ते शहरात जमतंच असं नाही. दाट वस्तीत लहरी पाण्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून परत अशा उसळतात, आणि पाण्यानं भरलेली गल्ली प्रतिमेत कोरडी वाटू शकते. शिवाय एकच उपग्रह त्याच मार्गानं पुन्हा यायला सेंटिनेल-१ च्या बाबतीत बारा दिवस लागतात. पुराचा सर्वोच्च क्षण मधल्या काळात येऊन गेला, तर त्याची नोंद त्या प्रतिमेत नसते.

हे अंतर भरण्यासाठी अवकाश संस्थांनी एक आंतरराष्ट्रीय सनद केली आहे. ती २००० पासून अमलात आहे आणि इस्रो २००१ मध्ये तिच्यात सामील झाली. मोठी आपत्ती आली की सदस्य देशांचे उपग्रह त्या जागेकडे वळवले जातात आणि प्रतिमा मदतयंत्रणांना विनामूल्य मिळतात. त्या सगळ्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या असतात असं मात्र नाही. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या इस्रो-नासाच्या 'निसार' या रडार उपग्रहाची माहिती खुली ठेवण्याचं धोरण त्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे.

वेग प्रत्येक गोष्टीचा निराळा असतो, हेही लक्षात ठेवावं. नासाच्या 'फर्म्स' या सेवेवर जगातल्या बहुतेक भागांतले वणवे उपग्रहानं टिपल्यापासून सुमारे तीन तासांत दिसतात. दरडीखाली गेलेल्या वाडीचं नेमकं चित्र मात्र आकाश मोकळं व्हायची वाट पाहतं.

गैरसमज ४ : हौशी लोकांच्या नकाशावर विसंबता येत नाही.

वस्तुस्थिती : कशासाठी विसंबायचं, त्यावर हे ठरतं. मोठ्या मोहिमांत क्षेत्राचे छोटे चौकोन पाडले जातात. एक स्वयंसेवक एक चौकोन रेखतो, दुसरा अनुभवी स्वयंसेवक तो तपासतो. रस्ता कुठून जातो, घरं कुठं आहेत, नदीवर पूल कुठं आहे, अशा गोष्टींसाठी ही पद्धत चांगली चालते.

तिची मर्यादा नुकसान मोजताना उघडी पडते. २०१३ मध्ये फिलिपाइन्सला झोडपणाऱ्या हैयान वादळानंतर स्वयंसेवकांनी उपग्रह छायाचित्रांवरून पडझडीच्या नोंदी केल्या. त्या पुढे प्रत्यक्ष पाहणीशी ताडून पाहिल्यावर बऱ्याच ठिकाणी जुळल्या नाहीत. कारण उघड आहे. वरून दिसतं ते छप्पर. खालचा मजला चेपला आणि स्लॅब शाबूत राहिला, तर घर वरून धडधाकट दिसतं. तेव्हा घर कुठं होतं ते नकाशाला विचारावं. ते राहण्याजोगं आहे का, हे जागेवर गेलेल्या माणसानंच सांगावं.

गैरसमज ५ : खुली माहिती म्हणजे बिनखर्चाची माहिती.

वस्तुस्थिती : वापरणाऱ्याला ती फुकट असते, बनवणाऱ्याला नसते. अमेरिकेच्या 'लँडसॅट' मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ मध्ये गेला. पुढे लँडसॅट-७ च्या एका प्रतिमेला सुमारे ६०० डॉलर मोजावे लागत. २००८ मध्ये सगळा संग्रह विनामूल्य झाला आणि वापर कित्येक पटींनी वाढला. उपग्रहाचा खर्च त्यानं कमी झाला नाही. तो पूर्वीप्रमाणे करदात्यांनीच भरला. फक्त त्यातून मिळणारं फळ सर्वांचं झालं.

आणि पैसा थांबला की माहितीही थांबते. दुष्काळ आणि उपासमारीची पूर्वसूचना देणारी 'फ्यूज नेट' ही यंत्रणा अमेरिकेच्या पैशावर १९८५ पासून चालत होती. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत गोठवली, तेव्हा तिचं संकेतस्थळ काही महिने बंद पडलं. चार दशकांचं काम एका प्रशासकीय आदेशानं दिसेनासं झालं. त्यामुळे महत्त्वाच्या माहितीच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी असणं आणि ती निर्माण करण्याची क्षमता प्रत्येक देशात असणं, हाही खुलेपणाचाच भाग आहे.

गैरसमज ६ : खुली माहिती म्हणजे आपत्तीग्रस्तांची नावं-नंबर चव्हाट्यावर.

वस्तुस्थिती : उलट, व्यक्तीची ओळख ही खुल्या माहितीतून वगळायची पहिली गोष्ट. भूकंपानंतर हैतीतून लोक कुठं गेले, हे स्वीडन आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मोबाइल कंपनीच्या नोंदींवरून शोधलं. सुमारे १९ लाख सिमकार्डांच्या हालचाली त्यांनी पाहिल्या, त्याही नाव आणि क्रमांक काढून टाकून. पहिल्या १९ दिवसांत सुमारे ६,३०,००० माणसं राजधानी सोडून गेली, असा त्यांचा अंदाज निघाला. कुठल्या प्रांतात किती अन्न आणि किती औषध लागेल, हे ठरवायला एवढं पुरतं. अमुक माणूस कुठं गेला, हे कळायची गरजच नाही.

वैयक्तिक नोंदी जपायच्या कशासाठी, हे जानेवारी २०२२ मध्ये दिसलं. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीच्या माहितीवर सायबर हल्ला झाला आणि ५,१५,००० हून अधिक लोकांच्या नोंदी हल्लेखोरांच्या आवाक्यात आल्या. त्यात युद्धात ताटातूट झालेली कुटुंबं होती, बेपत्ता माणसं होती, कैदी होते. आपल्याकडेही पुराच्या दिवसांत 'या घरात अमुक वृद्ध महिला एकटी आहे, हा तिचा नंबर' असे संदेश व्हॉट्सॲपवर शेकडो गटांत फिरतात. सुटका झाल्यावरही ते फिरतच राहतात. मदत मागणाऱ्याचा तपशील मदत करणाऱ्या यंत्रणेकडे जावा. सगळ्यांसाठी 'या भागात इतक्या विनंत्या' एवढाच आकडा पुरे.

गैरसमज ७ : भारतात नकाशा काढायला सरकारी परवानगी लागते.

वस्तुस्थिती : पूर्वी बंधनं होती. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर भारतीय व्यक्ती आणि संस्थांना नकाशे बनवायला आधी परवानगी घ्यावी लागत नाही. संवेदनशील तपशिलांवरची बंधनं तेवढी कायम आहेत. गावातली शाळा, पाणवठा, उंचावरची जागा, होडी लागू शकेल असा घाट हे नोंदवणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

गैरसमज ८ : माहिती खुली झाली की माणसं वाचतात.

वस्तुस्थिती : मधे दोन पायऱ्या असतात आणि त्याच बहुधा निखळतात.

पहिली पायरी : माहिती पुरेशी आहे का? १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असं सरकारनंच नंतर सांगितलं. यादीत नाव नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. तिथं कुणी पाहिलं नसेल, असाही होऊ शकतो. यादीबरोबर 'कुठं सर्वेक्षण झालं, कुठं राहिलं' हेही खुलं असेल, तरच तिच्यातल्या रिकाम्या जागा इतरांना दाखवता येतात.

दुसरी पायरी : आकड्याचा अर्थ घरापर्यंत पोचतो का? सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या याच पातळ्या ३९ आणि ४३ फूट आहेत. पावसाळ्यात हे आकडे तिथं प्रत्येकाच्या तोंडी असतात. पण नव्यानं राहायला आलेल्या भाडेकरूला '४३ फूट' म्हणजे आपल्या जिन्याची कितवी पायरी, हे कसं कळावं? किती फुटांना पाणी कुठल्या चौकात येतं, हे जुन्या रहिवाशांना तोंडपाठ असतं. ही माहिती कुठल्याही उपग्रहाकडे नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात घराघरांवर राहिलेल्या पाण्याच्या खुणा मोजून, पुलावरच्या पातळीशी जोडून, खुल्या नकाशावर चढवल्या, तर पुलावरचा आकडा गल्लीच्या भाषेत बोलू लागेल.

हे काम एखाद्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटाला एका उन्हाळ्यात करता येण्याजोगं आहे. मोजपट्टी, मोबाइल आणि गल्लीतल्या दोन जाणत्या माणसांची साथ एवढ्यावर ते सुरू होतं. अट एकच : ते मे महिन्यात व्हायला हवं. पाणी चढू लागल्यावर त्याच मुलांची गरज नकाशावर नाही, होडीवर असते.