रोजचंच विज्ञान (लेखांक २३) : शिट्टी नेमकं काय मोजते?

आमच्या घरी रोज सकाळी साडेनऊच्या सुमाराला एक वाद होतो. स्वयंपाकघरातून बायको विचारते, ‘‘आई, किती झाल्या?’’ बाहेर पेपर वाचत बसलेली आई म्हणते, ‘‘दोन.’’ ‘‘तीन झाल्या ना?’’ ‘‘मधली नुसती फुसफुसली गं. ती धरायची नाही.’’ कोणती शिट्टी धरायची आणि कोणती सोडायची, याचा नियम मला कुठे छापलेला सापडलेला नाही, पण त्यावर ठाम मत नसलेलं घर दाखवा. मागच्या आठवड्यात माठावर लिहिलं, तर म्हटलं आता कुकरच घेऊ.

उत्तर आधीच सांगून टाकतो. शिट्टी वेळ मोजत नाही आणि आतली उष्णताही मोजत नाही. शिट्टी म्हणजे कुकरला नको झालेली आणि त्याने बाहेर टाकलेली वाफ. आपण गेली साठ वर्षं वाया गेलेली वाफ मोजून वरण शिजवतो आहोत, आणि वरण शिजतंही! हे कसं, ते पाहू.

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं हे शाळेत पाठ केलेलं असतं. त्याला एक अट आहे, ती मात्र परीक्षा संपली की विसरते. ते तापमान समुद्रसपाटीवरचं. पाणी उकळतं म्हणजे त्याच्या वाफेचा जोर बाहेरच्या हवेच्या दाबाची बरोबरी करतो. वर चढावं तशी हवा विरळ होते, दाब कमी होतो आणि पाणी लवकर हार मानतं. साधारण दर ३०० मीटरला एक अंश, असा हिशोब ढोबळमानाने धरायला हरकत नाही. महाबळेश्वरला, म्हणजे सुमारे १३५० मीटर उंचीवर, पाणी साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, ८८ अंशांनाच. आणि एकदा उकळी फुटली की गॅस कितीही मोठा करा, उघड्या भांड्यातलं पाणी त्यापुढे तापत नाही. जास्तीची उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. त्यामुळे लेहला उघड्या पातेल्यातली डाळ खळाखळा उकळताना दिसते, पण तिला मिळतात ८८ अंश, आणि तेवढ्यात तिचं भागत नाही.

चार्ल्स डार्विनला याचा अनुभव १८३५ साली आला. चिली आणि अर्जेंटिना यांच्यामध्ये अँडीज पर्वत ओलांडताना त्याच्या सोबत्यांनी बटाटे उकडायला ठेवले. कित्येक तास उकळूनही बटाटे कडकच. भांडं रात्रभर चुलीवर ठेवलं, सकाळी पुन्हा उकळलं, तरी बटाटे दाद देईनात. सोबत्यांनी निष्कर्ष काढला की भांडं नवीन आहे आणि त्यालाच बटाटे शिजवायचे नाहीत. डार्विनला खरं कारण ठाऊक होतं, पण बटाटे त्यालाही मिळाले नाहीत.

कुकर या सगळ्याच्या उलट करतो. झाकण घट्ट असल्यामुळे वाफ आत कोंडते, दाब वाढतो आणि पाण्याला उकळण्यासाठी जास्त तापावं लागतं. घरगुती कुकरमध्ये हवेच्या नेहमीच्या दाबावर आणखी जवळजवळ तेवढाच दाब चढतो, आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत जातं. फरक फक्त २० अंशांचा दिसतो. पण दर १० अंशांना शिजण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो असं धरलं, तर २० अंशांना तो चौपट झाला. तासाभराचं काम पंधरा मिनिटांवर येतं ते असं. लेहलाही कुकर उपयोगी पडतो, फक्त तिथली हवा मुळातच हलकी असल्याने आतलं तापमान ११५च्या आसपास थांबतं आणि डाळ थोडा जास्त वेळ ठेवावी लागते.

आता ती शिट्टी. आपण जिला शिट्टी म्हणतो ते खरं म्हणजे एक वजन आहे, बाकी काही नाही. ते झाकणावरच्या नळीच्या बारीक भोकावर बसलेलं असतं. भोक तीन मिलिमीटर व्यासाचं धरा. आतला जास्तीचा दाब तेवढ्याशा भोकातून जो रेटा देईल, तो तोलायला सत्तर-बहात्तर ग्रॅम वजन पुरतं. त्याहून रेटा वाढला की वजन उचललं जातं, वाफ सुटते, दाब उतरतो, वजन पुन्हा बसतं. सगळा खेळ एवढाच. म्हणूनच दुसऱ्या कुकरची शिट्टी आपल्या कुकरवर बसते म्हणून बसवू नये. तिचं वजन आणि आपल्या नळीचं भोक यांचं गणित जमेलच असं नाही.

हाच हिशोब आख्ख्या झाकणाला लावला की जरा दचकायला होतं. वीस सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर आतून पडणारा जोर सव्वातीनशे किलो वजनाइतका भरतो. ओट्यावरच्या भांड्याच्या झाकणावर चार-पाच माणसं आतून रेटा देत बसली आहेत, असं समजा. काही कुकरांचं झाकण वाकडं करून आत घालावं लागतं आणि आतूनच काठाला लागतं, ते याच कारणासाठी. वाफ जितकी जोर करेल तितकं झाकण जास्त घट्ट बसतं, आणि वाफ असताना ते उघडायचं म्हटलं तरी उघडत नाही. नवी सून पहिल्यांदा ते झाकण लावायला जाते तेव्हा होणारी तारांबळ सोसण्याजोगी आहे.

एवढा जोर कोंडण्याची कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली? डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच माणसाला. पॅरिसमध्ये ख्रिस्तियान हायगेन्सच्या आणि लंडनमध्ये रॉबर्ट बॉइलच्या हाताखाली त्याने काम केलं होतं. १६७९ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक जाड धातूचं, घट्ट झाकणाचं भांडं ठेवलं. उद्देश अगदी गरिबीचा होता : फेकून दिली जाणारी हाडं शिजवून मऊ करायची आणि त्यातून अन्न काढायचं. १६८२च्या एप्रिलमध्ये सोसायटीच्या मंडळींना त्याने या भांड्यात शिजवलेलं जेवण वाढलं. जॉन एव्हलिन हा रोजनिशी लिहिणारा त्या पंगतीला होता, आणि चावता येण्याइतक्या मऊ हाडांची त्याने खुशीत नोंद केली आहे.

भांडं फुटू नये म्हणून पापँने झाकणाला एक भोक ठेवलं आणि त्यावर दांडीला टांगलेल्या वजनाने दाबून धरलेली झडप बसवली. आपली शिट्टी ही तिचीच खापरपणती. वाफ ते वजन उचलते हे पाहून, वाफ आणखी काय काय उचलेल याचा विचार त्याने पुढे केला, आणि १६९० साली नळकांड्यातला दट्ट्या वाफेच्या साहाय्याने हलवण्याची कल्पना मांडली. वाफेच्या इंजिनाच्या इतिहासात पापँचं नाव येतं ते त्यासाठी. स्वतः पापँला त्यातून काही मिळालं नाही. प्रॉटेस्टंट असल्याने त्याला फ्रान्सला परतता आलं नाही, आणि शेवटची वर्षं लंडनमध्ये हलाखीत गेली.

मला मात्र त्याची एक वेगळीच युक्ती आवडते. भरवशाचा तापमापक त्या काळी नव्हता. मग आत किती तापलंय हे कळायचं कसं? पापँने झाकणावर एक खळगा ठेवला होता. त्यात तो पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि तीन फुटी दोऱ्याला वजन टांगून केलेल्या लंबकाचे झोके मोजायचा. थेंब किती झोक्यांत उडून गेला, त्यावरून आतल्या उष्णतेचा अंदाज. म्हणजे कुकरच्या पहिल्या स्वयंपाक्याने मोजणं कधी शिट्टीवर सोडलं नव्हतं. तो झोके मोजत होता, म्हणजे वेळच.

आपल्याकडे ‘कुकर’ हा शब्द दाबाच्या आधी आला. १९१०च्या सुमाराला कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला. एकावर एक डबे, खाली कोळशाची शेगडी आणि हळूहळू वाफेवर शिजणारा भात, डाळ, भाजी. दाब नव्हता, शिट्टी नव्हती. सकाळी लावून कामाला जावं आणि आल्यावर जेवावं, अशी सोय. दाबाचा कुकर मध्यमवर्गीय ओट्यावर स्थिरावला तो मुंबईत हॉकिन्स १९५९ साली सुरू झाल्यानंतर आणि त्याच सुमारास प्रेस्टिजचे कुकर इथे बनू लागल्यानंतर. डब्यांची जुनी सवय आपण त्यातही नेली. तळाला पाणी, जाळी, खालच्या डब्यात डाळ, वरच्यात भात. सगळीकडे एकाच तापमानाची वाफ असल्याने कुठला डबा वर ठेवला याला तसं महत्त्व नाही.

तर शिट्ट्या मोजण्याचं काय? पहिली शिट्टी खरंच कामाची आहे, कारण ती सांगते की दाब पुरता चढला. त्यानंतर आतलं तापमान १२०च्या आसपासच राहतं. दुसऱ्या शिट्टीला डाळ जास्त तापलेली नसते आणि पाचवीलाही नसते. गॅस मोठा ठेवला तर शिट्ट्या भराभर होतात, बारीक केला तर दहा मिनिटांत एखादीच होते किंवा होतही नाही. डाळ दोन्हीकडे सारखीच शिजते. पहिल्यात पाणी आणि गॅस जास्त जातो, एवढंच. आच, पाण्याचं प्रमाण, कुकरचा आकार यांतलं काहीही बदललं की शिट्ट्यांचा हिशोब बदलतो. म्हणून मैत्रिणीने सांगितलेल्या ‘चार शिट्ट्या’ आपल्या घरी फसतात, आणि गॅसवरून इंडक्शनवर गेलेल्या घरांत पहिला आठवडा एक तर कच्च्या नाही तर पार लगदा झालेल्या छोल्यांचा असतो. सरळ रस्ता असा, की पहिली शिट्टी झाली की आच कमी करावी आणि घड्याळ पाहावं.

पण म्हणून आई चूक, असं नाही. तीच शेगडी, तोच कुकर, डाळीची तीच वाटी, तळाला तेवढंच पाणी. अशा घरात दोन शिट्ट्यांमधलं अंतर रोज जवळपास सारखंच पडतं. तिची शिट्टी म्हणजे तिच्या ओट्यापुरतं लावलेलं घड्याळच आहे. दुसऱ्याच्या ओट्यावर ते चालत नाही, आणि तिथे ते चालवायला ती जातही नाही. शिवाय गॅस बंद केल्यावर वाफ जिरेपर्यंत आत शिजणं चालूच असतं, हे ती हिशोबात धरते. घाईत कुकर नळाखाली धरणारे लोक ते धरत नाहीत आणि मग डाळीला दोष देतात.

डाळीलाही कधीकधी दोष असतो, नाही असं नाही. फार जुनी, उन्हाळे काढलेली डाळ हट्टी होते. पण बरेचदा खोट पाण्यात असते. ‘या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही’ हे वाक्य गावोगावी ऐकू येतं आणि ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. डाळीच्या पेशी एकमेकींना चिकटून असतात त्या पेक्टिन नावाच्या पदार्थाने. शिजणं म्हणजे बरंचसं ते पेक्टिन विरघळणं. जड पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनला उलट बांधून घट्ट करतं. बोअरच्या पाण्यात चिमूटभर सोडा घालणाऱ्या बायका त्याच बांधणीवर उपाय करत असतात. आंबटाचंही असंच. आम्लात पेक्टिन लवकर सुटत नाही, म्हणून चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालायचं. आमटीच्या कृतीतला हा क्रम चवीसाठी असेल, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

भीतीबद्दल थोडं. कुकर फुटल्याच्या बातम्या येतात तेव्हा बहुतेक वेळा नळी तुंबलेली असते. डाळ, चणे, राजमा फेसाळतात आणि फेसाबरोबर सालं नळीत जाऊन बसतात. म्हणून डाळीला कुकर निम्म्याहून जास्त भरू नये, चमचाभर तेल घालावं (तेलाने फेस बसतो), आणि शिट्टी बसवण्याआधी नळीतून एकदा उजेड दिसतो का ते पाहावं. नळी तुंबलीच, तर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्यातला मिश्रधातू कमी तापमानाला वितळतो आणि वाफेला वाट मिळते. तो एकदा उडाला की नवा मूळ कंपनीचाच बसवावा. तिथे खिळा किंवा एम-सील लावणारे कारागीर मी पाहिले आहेत.

आणि वाफ असताना शिट्टी चमच्याने उचलायची सवय असेल तर एक आकडा लक्षात ठेवा. १२० अंशांवरचं लिटरभर पाणी एकदम मोकळं झालं, तर १०० अंशांवर येता येता त्यातलं साधारण ३७ ग्रॅम पाणी क्षणात वाफ होतं. ३७ ग्रॅम म्हणजे अडीच मोठे चमचे. पण त्याची वाफ होते साठ लिटर. पिवळं वरण छतापर्यंत जातं ते एवढ्या वाफेच्या पाठीवर बसून.

राहता राहिली लिंबाची फोड. डबे ठेवून कुकर लावताना तळाच्या पाण्यात पिळलेल्या लिंबाचं साल टाकायचं, नाहीतर कुकर आतून काळा पडतो. हा कळकटपणा नव्हे. आपलं पाणी बहुधा किंचित अल्कधर्मी असतं, आणि तापलेलं असं पाणी ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर काळपट थर चढवतं. लिंबाच्या आम्लाने तो थर धरत नाही, धरलेला असला तर निघतो. चिंचेचा कोळ काढल्यावर उरलेला चोथाही तेच काम करतो. स्टीलच्या कुकरला यातलं काहीच लागत नाही. आमच्याकडे स्टीलचा येऊन सात वर्षं झाली, आणि लिंबाचं साल अजून पडतंय.