विश्लेषण : जुन्या ‘मसल कार’मधून चारशे अश्वशक्ती कशी मिळवतात?

साठ-सत्तरच्या दशकांतील ‘मसल कार’ जतन करणाऱ्यांचा मोठा वर्ग अमेरिकेत आहे. बाहेरून दणकट दिसणाऱ्या यांतील अनेक गाड्यांची इंजिने मात्र आजच्या मानाने दुबळी आहेत. १९७५ च्या शेवर्ले कॅमारोतील ३५० घनइंचांचे, म्हणजे ५.७ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन जास्तीत जास्त १५५ अश्वशक्ती देत असे. त्यातून ४०० अश्वशक्ती काढण्याचे ध्येय अनेक मालक ठेवतात आणि महागडे सुटे भाग एकेक करून आणू लागतात. पैसा खर्च होतो, पण रोजच्या रस्त्यावर गाडी पूर्वीपेक्षाही मंद वाटू लागते. हे असे का होते आणि भागांची निवड कोणत्या क्रमाने करावी लागते, याचा हा आढावा.

आकडा नेमका कोणता?

कॉर्व्हेट गाडीतील ‘एलटी-१’ इंजिनाची अश्वशक्ती १९७१ मध्ये ३३०, तर १९७२ मध्ये २५५ छापली गेली. इंजिनात मोठा बदल झाला नव्हता. बदलली होती मोजण्याची रीत. पूर्वी उघडे इंजिन चाचणीच्या चौकटीवर ठेवून ‘ग्रॉस’ आकडा काढत. नंतर एअर फिल्टर, पंखा, सायलेन्सर असे सारे साहित्य जोडून ‘नेट’ आकडा देऊ लागले. शिवाय गिअरबॉक्स आणि मागच्या आसापर्यंत पोहोचताना साधारण पंधरा टक्के शक्ती घर्षणात जाते, असा ढोबळ ठोकताळा आहे. म्हणून ४०० हा आकडा इंजिनावरचा की चाकांवरचा, हे आधी ठरवावे लागते. चाकांवर ४०० हवी असेल, तर इंजिनाने सुमारे ४७० अश्वशक्ती द्यायला हवी.

हवेचा हिशेब

अश्वशक्ती म्हणजे टॉर्क आणि फेऱ्यांचा वेग यांचा गुणाकार. मिनिटाला ५,८०० फेऱ्यांवर ४०० अश्वशक्ती मिळवायची, तर त्याच वेगाला सुमारे ४९० न्यूटन-मीटर टॉर्क टिकला पाहिजे. तो टिकतो सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेवर. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा ओढते. त्या हिशेबाने ५.७ लिटरच्या इंजिनाला त्या वेगाला मिनिटाला फार तर ५९० घनफूट हवा लागेल. त्यामुळे ६५० ते ७५० घनफुटांचा कार्ब्युरेटर त्याला पुरेसा ठरतो. त्याहून मोठा बसवला, तर कमी वेगात त्याच्या नळीतील हवेचा झोत मंदावतो, पेट्रोल नीट ओढले जात नाही आणि गाडी अडखळते.

आधी हेड, मग कॅमशाफ्ट

सत्तरच्या दशकातील या इंजिनांची खरी अडचण सिलिंडर हेडमध्ये आहे. त्यातील मार्ग अरुंद आणि ज्वलनकक्ष मोठा असतो. साधारण ७६ घन सेंटिमीटरच्या कक्षाऐवजी ६४ घन सेंटिमीटर कक्षाचे आधुनिक अॅल्युमिनियम हेड बसवले, तर हवेचा मार्ग मोकळा होतो आणि साडेआठच्या आसपास असलेले कम्प्रेशनचे प्रमाणही साधारण एक अंकाने वाढते. एकाच खर्चात दोन लाभ मिळत असल्याने जाणकार सर्वाधिक रक्कम येथे घालतात.

कॅमशाफ्टची निवड त्यानंतर करावी लागते. व्हॉल्व्ह अधिक काळ उघडे ठेवणारा कॅमशाफ्ट वरच्या वेगाला शक्ती देतो. परंतु खालच्या वेगाला टॉर्क हिरावून घेतो. कम्प्रेशन कमी असताना असा कॅमशाफ्ट बसवणे ही सर्वांत नेहमीची चूक. त्यामुळे इंजिनातील व्हॅक्यूमही घटतो. त्याच व्हॅक्यूमवर पॉवर ब्रेक चालत असल्याने ब्रेकचे पेडल जड होते. म्हणजे प्रश्न केवळ शक्तीचा राहत नाही, सुरक्षिततेचाही होतो.

हेड आणि कॅमशाफ्टला साजेसा इनटेक मॅनिफोल्ड आणि मोकळी एक्झॉस्ट हेडर नळी जोडली की संच पूर्ण होतो. यांतील एकच भाग बदलल्यास उरलेले भाग त्याचा लाभ अडवून धरतात.

इतर दोन मार्ग

सुपरचार्जरने हवा दाबून भरता येते. मात्र जुन्या कास्ट पिस्टनवर भार वाढतो. स्पार्कची वेळ आणि इंधनाचे प्रमाण चुकले तर ‘नॉकिंग’ होऊन पिस्टन फुटू शकतो. दुसरा मार्ग इंजिनच बदलण्याचा. १९९७ च्या कॉर्व्हेटमधील ५.७ लिटरचे ‘एलएस१’ मूळ स्थितीतच ३४५ अश्वशक्ती देते. त्यासाठी वायरिंग, इंधनपंप आणि इंजिनाचे आधार बदलण्याचा खर्च मात्र वेगळा धरावा लागतो.

इंजिनापलीकडचा खर्च

पूर्ण जोर लावला असता ४०० अश्वशक्तीच्या इंजिनाला तासाला सुमारे ९० किलो पेट्रोल लागते. जुना यांत्रिक पंप ते पुरवेलच असे नाही. त्याशिवाय रेडिएटर, क्लच किंवा टॉर्क कन्व्हर्टर, मागचा डिफरन्शियल आणि ब्रेक यांची क्षमता आधी तपासावी लागते. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचे कम्प्रेशन मोजणे तर अनिवार्य आहे. झिजलेल्या इंजिनावर नवे हेड बसवणे म्हणजे खचलेल्या पायावर माडी चढवणे.

भारतात काय?

फोर्डने २०१६ मध्ये मस्टँग भारतात आणल्यापासून आठ सिलिंडरच्या गाड्यांचे आकर्षण येथेही वाढले. मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच मर्यादा अधोरेखित केली. गोव्यात वा अन्यत्र अशा गाडीवर खर्च करू पाहणाऱ्याने सुट्या भागांची यादी करण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करणे हिताचे.