दुभाष्याची करामत

परमुलखातील पाहुण्याशी बोलावयाचे झाले, तर आपण दुभाष्याचे साहाय्य घेतो. पाहुणा बोलतो, दुभाषी ते आपल्याला समजावून सांगतो, मग आपण उत्तर देतो. यात थोडा वेळ जाणारच. दुभाषी मध्ये आल्याने संभाषण अधिक सुरळीत झाले, असे कोणी सांगितले, तर मुलांनो, तुम्ही त्याला हसाल. परंतु संगणकावरील खेळांच्या बाबतीत असा प्रकार खरोखरच घडला आहे.

संगणक सुरू केला की त्याचा सारा कारभार ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजेच संचालन प्रणाली, आपल्या हाती घेते. कोणत्या कामास किती स्मृती द्यावयाची, पडद्यावर केव्हा काय उमटवावयाचे, हे तीच पाहते. खेळाला जे हवे असेल, ते त्याने तिच्याकडे तिच्या भाषेत मागावे लागते. संगणकावरील बहुतेक मोठे खेळ विंडोज या प्रणालीची भाषा बोलतात. या प्रणालीची मूळ आज्ञावली कुलपात असते; इतरांनी ती उघडून दुरुस्त करावी अशी सोय नाही. लिनक्सचे तसे नाही. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि जगापुढे ठेवला. आज तो कोणीही वाचावा, सुधारावा व दुसऱ्यास द्यावा.

मात्र लिनक्सला विंडोजची भाषा येत नव्हती. म्हणून १९९३ पासून काही उत्साही मंडळींनी 'वाइन' नावाचा दुभाषी घडविण्यास आरंभ केला. पुढे २०१८ साली अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने त्याच्याच आधारे 'प्रोटॉन' हा खेळांसाठीचा दुभाषी सिद्ध केला. हाही मुक्त, त्याची आज्ञावली सर्वांस पाहता येते.

व्हॉल्व्हला लिनक्सचा अनुभव आधीपासून होता. खेळातील हालचाल म्हणजे भराभर बदलणाऱ्या चित्रांची मालिका होय. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे पुरतात. खेळात मात्र जितकी अधिक, तितके बरे. २०१२ साली व्हॉल्व्हने आपला एक खेळ थेट लिनक्सच्या भाषेत उतरविला, तेव्हा सेकंदाला अवघी ६ चित्रे उमटू लागली! त्या वेळी पुष्कळांनी नाद सोडला असता. पण तज्ज्ञांनी खेळात सुधारणा केल्या, चित्रे उमटविणाऱ्या यंत्रभागाच्या निर्मात्यांनाही कामास लावले आणि ती संख्या ३१५ वर नेली. त्याच संगणकावर विंडोजमध्ये ती सुमारे २७० होती.

खरी गंमत झाली ती फेब्रुवारी २०२२ मध्ये. त्या महिन्यात 'एल्डन रिंग' हा जपानी खेळ बाहेर आला. विंडोजवर तो मधूनमधून अडखळे. त्याच सुमारास व्हॉल्व्हचे 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळण्याचे, लिनक्सवर चालणारे यंत्रही निघाले होते. तेथे तोच खेळ प्रोटॉनमार्फत चाले. तज्ज्ञांनी शोध घेतला, तेव्हा दिसले की काही ठिकाणी हा खेळ एकदम हजारो लहान लहान वस्तूंची मागणी करतो. शाळेच्या भांडारापाशी सारे वर्ग एकाच वेळी खडू मागावयास आले, आणि भांडारपालाने प्रत्येक खडूसाठी कपाट उघडून, वहीत नोंद करून, पुन्हा कुलूप लावले, तर काय होईल? तसेच येथे होत होते. दुभाष्याला नवी शिस्त लावण्यात आली: एकदा काढलेली वस्तू लगेच परत ठेवू नये, पुढच्या मागणीसाठी हाताशी राहू द्यावी. काही दिवसांतच त्या यंत्रावरील अडखळणे पुष्कळ कमी झाले.

ध्यानात घ्या, खेळाची स्वतःची आज्ञावली बंदच होती. तिला या लोकांनी हातही लावला नाही. दुरुस्ती झाली ती दुभाष्यात, कारण तो उघडता येत होता.

प्रत्येक खेळ लिनक्सवर सरस चालतो, असे मात्र समजू नका. काही मंद चालतात. अनेकजण मिळून खेळावयाच्या काही खेळांत लबाडी पकडणारा पहारेकरी बसविलेला असतो. त्यांतील कित्येक पहारेकरी विंडोजखेरीज कोणाला ओळखतच नाहीत. तेथे आपल्या दुभाष्याला दारावरूनच परतावे लागते.